घातांकानं केलेला घात आणि कापसाचा एक धागा

तापीकाठचा (धागाकर्ता)

मी जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. दिवाळीनंतरचे चार-पाच महिने माझं काम एकच. गाडी आली की कापसाची मूठ उचलायची, सरकी बाजूला करायची, चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, तुटलेलं टोक परत वर ठेवायचं, परत ओढायची. पाच-सहा वेळा असं केलं की धागे सरळ होऊन एका रेषेत येतात. मग ती पट्टी मांडीवर ठेवून लांबी सांगायची: "एकोणतीस." मशीन नंतर सांगतंच, पण गाडीवाला मशीनकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो.

परवा पुतणी आली होती, बारावी सायन्सची. माझ्या मांडीवरची रुई उचलून म्हणाली, "काका, यातला एक धागा म्हणजे एकच पेशी ना? मग पेशी डोळ्यांना दिसत नाही असं का शिकवतात?"

खरंच एकच पेशी असते. सरकीच्या सालावरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगायला लागते आणि तीनेक आठवडे लांबतच जाते. जाडी १५ मायक्रोमीटरच्या आसपास (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि लांबी ३० मिलिमीटर. जाडीच्या दोन हजार पट लांब. वीस वर्षं मी दिवसाला लाखो पेशी ओढतोय, पण "मग बाकीच्या पेशी एवढ्या का वाढत नाहीत?" हा प्रश्न मला कधी पडला नाही. पोरीला पडला.

आता दुसरी गोष्ट. ग्रेडर व्हायच्या आधी मी फिजिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केली. प्रोजेक्टला रेणू घेतला होता आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे पिकल्या केळीचा वास. श्रोडिंगरचं समीकरण वापरून त्या रेणूची ऊर्जा काढायची. इलेक्ट्रॉन कुठे असू शकतो हे सांगायला फलनांचा एक संच द्यावा लागतो. छोटा संच दिला तर एका रात्रीत उत्तर यायचं. सर म्हणाले, संच दुप्पट करा. मला वाटलं दोन रात्री लागतील. जुन्या प्रोग्रॅममध्ये तो खर्च चौथ्या घातात वाढायचा, म्हणजे सोळा रात्री. मे महिना, पारा ४५ला, डिपार्टमेंटच्या मशीनला ना यूपीएस ना एसी. नवव्या रात्री लाइट गेली. मधली फाइल साठवायची असते हे मला दहाव्या दिवशी कळलं.

तर माझा मुद्दा हा. पेशी असो की रेणूचं गणित, दोन्हीकडे "दुप्पट करू" म्हटलं की हिशेब अंगावर येतो. दोन्हीकडचा गुन्हेगार मला एकच वाटतो: घातांक. नावातच घात आहे. जाणकारांनी लिहावं. मी माझ्या बाजूचं लिहितो.

कळण्याची भाकरी

बठ्ठं समजनं नही, पन वाचाले मजा उनी. 'धागा काढणे' याचा खरा अर्थ आज कळला. वाचतोय.

पेशीवेडी

तापीकाठचे भाऊ, माहेर शिरपूरचं, त्यामुळे कापूस म्हटलं की थांबावंच लागतं. पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायचं काम करते. तुमच्या पुतणीला माझ्याकडून शाबासकी द्या.

पुस्तकातलं उत्तर असं: गोल पेशीची त्रिज्या दुप्पट केली तर कातडी (पृष्ठभाग) चौपट होते आणि पोट (आकारमान) आठपट. अन्न कातडीतून येतं, भूक पोटाला असते. म्हणून पेशी लहान. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. कारण पेशीनं गोल असायलाच हवं असं कुणी सांगितलंय? नळीसारखी वाढली तर लांबी कितीही करा, कातडी आणि पोट यांचं प्रमाण तेच राहतं, ते फक्त जाडीवर ठरतं. तुमच्या धाग्यानं नेमकी हीच पळवाट काढली आहे. तोच ३० मिलिमीटरचा धागा गोळा करून गोळी केली तर व्यास भरेल जेमतेम ०.२ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. आणि कातडी जवळपास दहापट कमी.

मला जास्त रस आहे तो आतल्या वाहतुकीत. पेशीत रेणू कुठेही जातो तो धक्के खात, वाट चुकत. बाजाराच्या दिवशी गर्दीत सोडलेल्या पोरासारखा. याला विसरण म्हणतात आणि त्याचा नियम वाईट आहे: अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. पेशीच्या दाटीत एका साधारण प्रथिनाला एक मायक्रोमीटर जायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. तुमच्या धाग्याची जाडी पार करायला अकरा सेकंद. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत? मी कागदावर मांडून बघितलं: सतरा महिने. बोंड तर पन्नासेक दिवसांत फुटतं.

म्हणून लांब पेशी नशिबावर बसत नाहीत, ओढून नेतात. आत प्रथिनांचे रूळ असतात, त्यावर चालणारे मोटर-रेणू असतात, आणि वनस्पतींत तर सगळा पेशीद्रवच फिरता ठेवलेला असतो. सेकंदाला एक मायक्रोमीटर इतका संथ वेग धरला तरी ३० मिलिमीटर सव्वाआठ तासांत. शिवाय धाग्याच्या आतलं बरंचसं पोट म्हणजे पाण्यानं भरलेली रिक्तिका. जिवंत माल कडेच्या पातळ थरात. सायकलच्या ट्यूबसारखं समजा: फुगवतं पाणी, खाणारं तोंड थोडंच.

कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूपच्या खारफुटीत मिळालेल्या एका जीवाणूची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, थायोमार्गारिटा मॅग्निफिका. साधा जीवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा, हा एक सेंटिमीटरचा! चिमट्यानं उचलता येतो. त्याचीही युक्ती तीच: आत मोठी रिक्तिका, जिवंत भाग कडेला.

केळीवाला रावेरचा

ताई, एक शंका. आमची जी-नाइन केळी त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच) असते, म्हणून बी धरत नाही, हे टिश्यू कल्चरवाले सांगतात. ३३ गुणसूत्रं, रानटीला २२. मग दीडपट डीएनए म्हणजे पेशीपण दीडपट का? आणि घड म्हणून मोठा का?

पेशीवेडी

केळीवाले दादा, प्रश्न भारी आहे. पहिल्या भागाचं उत्तर 'साधारण हो'. गुणसूत्रांचे संच वाढले की पेशी मोठ्या होतात, हे वनस्पतींत पुन्हा पुन्हा दिसतं. पानावरची रंध्रं मोठी होतात आणि तेवढ्याच जागेत कमी मावतात. सर्वांत सोपा पुरावा रंध्रांचाच असतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर 'तेवढ्यानं नाही'. घडाचा आकार तुमच्या ठिबकवर, खतावर, फण्या किती ठेवता त्यावर आणि वाणाच्या इतर गुणांवर. मोठ्या विटा वापरल्या म्हणून घर मोठं होत नाही, विटा कमी लागतात.

डीएनए आणि आकार यांचं नातं उलट बाजूनंही बघता येतं. एका संचावरून सेकंदाला ठरावीकच नकला निघू शकतात. पेशी बेसुमार फुगली आणि डीएनए तेवढाच राहिला तर कारखाना एक आणि गाव दहा अशी गत होते. २०१९ मध्ये यीस्टवर हे दाखवलं गेलं: पेशींना विभागू न देता नुसतं फुगवलं तर आतला माल पातळ पडतो आणि त्या म्हाताऱ्यासारख्या वागायला लागतात.

घरी बघायचं असेल तर: पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपेंट लावा, वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबून सोला, काचेवर चिकटवा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा रंध्रांचे ठसे स्वच्छ दिसतात.

अडाणी अभियंता

धागा पेशीकडे वळला. मला गणिताचं ऐकायचंय. एक रेणू, तेवीस अणू. आज फोनमध्ये एवढी ताकद आहे, पुण्यात आयसरला 'परम ब्रह्म' बसलाय. लावा की सुपरकॉम्प्युटर. अडतं कुठे?

तापीकाठचा

अभियंते भाऊ, हाच प्रश्न मी सरांना विचारला होता. त्यांनी फळ्यावर काढलं ते असं.

१९२९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं लिहून ठेवलंय की रसायनशास्त्राला लागणारे नियम आता कळलेले आहेत, अडचण एवढीच की त्यातून येणारी समीकरणं सुटण्यापलीकडची आहेत. हायड्रोजनचं समीकरण कागदावर पूर्ण सुटतं. हेलियमला दुसरा इलेक्ट्रॉन येतो आणि संपलं, कारण दोघं एकमेकांना ढकलतात. एकाचं ठरल्याशिवाय दुसऱ्याचं ठरत नाही.

पाण्यात दहा इलेक्ट्रॉन. प्रत्येकाला तीन निर्देशक (जागा सांगणारे आकडे), एकूण तीस. प्रत्येक निर्देशकाचे फक्त दहा टप्पे केले तरी एकावर तीस शून्यं इतके आकडे साठवावे लागतील. माझ्या केळीच्या वासात इलेक्ट्रॉन ७२, निर्देशक २१६. एकावर २१६ शून्यं. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर एकावर ८० शून्यांच्या आसपास जातात. परम ब्रह्मच काय, प्रत्यक्ष ब्रह्म आलं तरी साठवायला जागा नाही.

म्हणून तडजोड. १९२८ ते ३० मध्ये हार्ट्री आणि फॉक यांनी म्हटलं, प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीचे सगळे एकेकटे दाखवू नका, त्यांची सरासरी दाखवा. उत्तर ९९ टक्क्यांच्या वर बरोबर येतं. ऐकायला छान. पण आता रावेरला या.

केळीनं भरलेला बारा टनांचा ट्रक भुईकाट्यावर उभा आहे. हे पाण्याच्या रेणूची एकूण ऊर्जा समजा, म्हणजे मोलला सुमारे ४८ हजार किलोकॅलरी. आम्हाला रसायनशास्त्रात हवी असते एक किलोकॅलरीची अचूकता. ट्रकच्या मापात ती येते पाव किलो. दोन केळी! बंध जुळेल की तुटेल, औषध चिकटेल की नाही, हे या दोन केळ्यांवर ठरतं. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरीची चूक झाली की अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो, कारण ऊर्जा पुन्हा घातांकात जाऊन बसते. आणि सरासरीच्या पद्धतीत इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवून पळतात तो भाग सुटतो, तो पाण्यात भरतो ५८ किलोच्या आसपास. ट्रक बरोबर, केळी गायब.

दोन ऊर्जांची वजाबाकी करताना यातली बरीच चूक दोन्हीकडून सारखीच कटते, तेवढं नशीब. पण सगळ्या रेणूंत कटत नाही. फ्लोरीनचे दोन अणू या पद्धतीत एकत्र राहायलाच तयार नसतात. क्रोमियमचे दोन अणू तर भल्याभल्यांना रडवतात.

जुना मास्तर

अमळनेरात तीस वर्षं गणित शिकवलं. तापीकाठचे, ते ५८ किलो परत आणायला काय खर्च येतो तेही सांगा, म्हणजे हिशेब पुरा होईल.

तापीकाठचा

गुरुजी, खर्च असा. भरवशाची पद्धत म्हणून जिचं नाव घेतात ती कपल्ड क्लस्टर, तीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या धरायच्या आणि तिघांच्या टोळ्यांचा अंदाज वरून घालायचा. तिचा खर्च सातव्या घातात वाढतो.

जुना मास्तर

म्हणजे रेणू दुप्पट, तर काम १२८ पट. एक तासाचं गणित असेल तर दुप्पट रेणूला पाच दिवस आठ तास. परत दुप्पट केला तर १६,३८४ तास, पावणेदोन वर्षांच्या वर. आता अभियंता साहेबांनी सांगावं: यंत्र १२८ पट वेगवान आणलं तर काय मिळालं? रेणू फक्त दुप्पट. पोरांना घातांकाचा धडा कंटाळवाणा वाटतो. मी उद्यापासून हेच उदाहरण सांगितलं असतं, पण निवृत्त झालो.

अडाणी अभियंता

शरण आलो. पण लोक मोठमोठ्या रेणूंची गणितं करतात ना? औषध कंपन्या काय करतात मग?

तापीकाठचा

करतात. दोन रस्ते आहेत.

एक: लांबचे इलेक्ट्रॉन एकमेकांची फार दखल घेत नाहीत, तर त्यांच्या जोड्या गाळायच्या. गल्लीतल्यांशी भांडण होतं, तीन गावं सोडून कुणाशी नाही. यानं सातवा घात बराच बोथट होतो आणि शेकडो अणूंचे रेणू आवाक्यात येतात.

दोन: १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी सिद्ध केलं की ७२ इलेक्ट्रॉनांचे २१६ निर्देशक लक्षात ठेवायची गरजच नाही. इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे किती दाट आहे एवढं कळलं तरी पायाभूत ऊर्जा ठरते. ढगाला निर्देशक तीनच! पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ते वापरण्याजोगं केलं. कोनला १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पोपलबरोबर. घोटाळा एवढाच की ढगावरून ऊर्जा काढायचं सूत्र आहे हे सिद्ध झालंय, सूत्र कुणाकडे नाही. खजिना आहे हे नक्की, नकाशा अंदाजे. मग प्रत्येकानं आपापला अंदाज केला. आज अशी शेकडो अंदाजी सूत्रं, म्हणजे फंक्शनल, आहेत आणि कोणतं वापरायचं हे बऱ्याचदा 'आमच्या ग्रुपमध्ये हेच वापरतात' यावर ठरतं. हे मी कडवटपणानं लिहितोय हे मान्य. माझ्या रेणूचं एका फंक्शनलनं एक उत्तर आलं आणि दुसऱ्यानं दुसरं, आणि व्हायव्हाला विचारलं, "बरोबर कोणतं?"

बांधावरून

सगळं वाचलं. शेतकऱ्याला याचा उपयोग काय? कापसाला भाव मिळतो का यानं?

तापीकाठचा

बांधावरचे भाऊ, भाव ठरतो त्यात हे आहेच, फक्त कुणी सांगत नाही. मायक्रोनेअर नावाचा आकडा पावतीवर येतो ना? तो काढतात कसा? ठरलेल्या वजनाची रुई डबीत कोंबतात आणि त्यातून हवा सोडतात. धागे बारीक आणि भिंत पातळ असेल तर तेवढ्याच वजनात जास्त धागे, जास्त कातडी, म्हणून हवा जास्त अडते आणि आकडा खाली येतो. वर ताईंनी सांगितलेलं कातडी आणि पोटाचं गणितच ते. ३.५ च्या खाली गेला की व्यापारी तोंड वाकडं करतो. बऱ्याचदा अर्थ असा की पेशी लांबली पण भिंत भरायच्या आत पाणी तुटलं किंवा बोंडअळीनं घाई केली. लांबी पहिल्या तीन आठवड्यांत ठरते, भिंत त्यानंतर. म्हणून सप्टेंबरात पाऊस दगा देतो तेव्हा माझी मांडी "एकोणतीस" म्हणते आणि मशीन "३.१" म्हणतं, आणि शिव्या मला बसतात.

सातपुडा पायथा

मी नंदुरबार जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे. हा धागा कालपासून तीनदा वाचला, कारण तुम्ही दोघं ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलताय त्या माझ्या टेबलावर एकाच नळीत असतात. सिकलसेल.

तपासणी साधी आहे. द्रावणात रक्ताचे थेंब टाकायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर हिमोग्लोबिन एस आहे. मग वाहक की रुग्ण हे ठरवायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. आमच्याकडे भिल्ल, पावरा पाड्यांत शिबिरं घेतो तेव्हा रेघा बुजलेली नळी बघून आयांचे चेहरे बदलतात, त्यांना आता नळी वाचता येते.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पॉलिंगनं १९४९ मध्ये हा 'रेणूचा आजार' आहे म्हटलं, आणि नेमका बदल इंग्रामनं पुढच्या दशकात शोधला. ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. शिबिरात आम्ही 'पाणी भरपूर प्या' सांगतो. हे का, ते मला कधी नीट कळलं नव्हतं. ताई, पेशीच्या आकाराशी संबंध आहे का?

पेशीवेडी

आहे, आणि भयंकर आहे.

निरोगी तांबडी पेशी म्हणजे सुमारे ९० घन मायक्रोमीटरची पिशवी. तुमच्या सीबीसी रिपोर्टवर एमसीव्ही लिहिलेला असतो तो हाच आकडा. तेवढा माल गोल पिशवीत भरायला ९७ चौरस मायक्रोमीटर कातडी पुरली असती, पण पेशीकडे १४०च्या आसपास असते. अर्धी हवा सोडलेल्या चेंडूसारखी ती म्हणूनच दुमडते, आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून जाते, प्लीहेतल्या फटीतून घुसते.

आता सिकलसेल. ऑक्सिजन सोडल्यापासून दोऱ्या व्हायला लागेपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळात पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे निघाली तर वाचली. १९७०च्या दशकात मोजमापं झाली आणि दिसलं की हा वेळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या (दाटपणाच्या) तिसाव्या घाताच्या आसपास बदलतो. तिसाव्या! पेशीनं थोडं पाणी गमावलं, आकार आक्रसला, संहती फक्त ५ टक्के वाढली, तर वेळ पाव हिश्श्याहूनही कमी उरतो. तापीकाठच्यांचा सातवा घात यापुढे लेकरू आहे.

म्हणून पाणी. आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी देतात तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि एमसीव्हीही वाढतो. तुम्ही रिपोर्टवर तो चढताना बघितला असेल.

सातपुडा पायथा

हो, बघितला आहे. १०० च्या वर गेलेले पेशंट आहेत. डॉक्टर म्हणतात गोळी घेतोय की नाही ते त्यावरून कळतं. आता शिबिरात 'पाणी प्या' म्हणताना माझा आवाज वेगळा येईल.

तापीकाठचा

सातपुडा भाऊ, यात माझ्या बाजूचाही काटा आहे. हिमोग्लोबिनच्या मधोमध लोखंडाचा अणू बसलाय. १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरियल यांनी चुंबकाशेजारी रक्त तोलून दाखवलं की ऑक्सिजन नसताना प्रत्येक लोखंडावर चार इलेक्ट्रॉन एकटे असतात, आणि ऑक्सिजन धरला की सगळे जोडीला लागतात. लोखंडाच्या या दोन अवस्थांत ऊर्जेचा फरक किती? गणितवाल्याला विचाराल तर फंक्शनल बदललं की उत्तर दहा किलोकॅलरीनं इकडेतिकडे. दोन केळी शोधायला निघालो आणि दोन फण्या चुकल्या.

लोखंड जिथे जास्त तिथे बोंब जास्त. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत जीवाणूचं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला फोडतं. युरियाच्या कारखान्यात त्याच कामाला ४०० अंशांच्या वर तापमान आणि दीड-दोनशे वातावरणांचा दाब लागतो. त्या नायट्रोजिनेजच्या गाभ्यात सात लोखंडं, एक मॉलिब्डेनम, नऊ गंधक आणि मधे एक कार्बन. त्याचं गणित समाधानकारक सुटलेलं नाही. क्वांटम संगणक आले की पहिलं हेच सोडवू असं त्या क्षेत्रातले लोक सांगत असतात. सोडवोत. बांधावरच्या भाऊंचा हरभरा तोवर न सोडवता करतोच आहे.

जुना मास्तर

एक राहिलं. पेशीला आपला आकार कळतो कसा? तिच्याकडे ना मोजपट्टी ना ग्रेडर.

पेशीवेडी

गुरुजी, जीवाणूंत याचं उत्तर इतकं साधं निघालं की २०१४-१५ च्या सुमाराला ते प्रसिद्ध झालं तेव्हा आम्ही लॅबमध्ये फळ्यावर करून बघितलं होतं. जीवाणू ठरावीक लांबीला फुटत नाही, ठरावीक वेळानंही नाही. जन्मला तेव्हा कितीही असो, ठरावीक भर घालतो आणि फुटतो.

समजा भर २ ची. नेहमीचा जीवाणू २ ला जन्मतो, ४ ला फुटतो. एखादा चुकून ३ ला जन्मला. ३ चे ५, फुटून अडीच. अडीचचे साडेचार, फुटून सव्वादोन. सव्वादोनचे सव्वाचार, फुटून दोनला जरा वर. १ ला जन्मलेला खालून तसाच वर येतो. चूक दर पिढीला निम्मी. कुणी मोजलं नाही, कुणी दुरुस्त केलं नाही.

ती भर खाण्यावर ठरते. कोपनहेगनमध्ये १९५८ मध्येच दिसलं होतं की सकस अन्नात जीवाणू लवकर वाढतो आणि मोठाही असतो. सगळ्या पेशी असं करतात असं मात्र नाही. विखंडन करणारं यीस्ट खरोखर आकार बघून फुटतं.

जुना मास्तर

वा. हा निम्मा-निम्माचा खेळ म्हणजे घातांकच की, पण उलट्या दिशेचा. इथे तो घात करत नाही, सावरतो. तापीकाठचे, तुमचा गुन्हेगार जामिनावर सुटला.

तापीकाठचा

गुरुजी, मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही.

केळीवाला रावेरचा

नेलपेंटचा प्रयोग केला. बायकोची बाटली अर्धी संपली, त्याचं वेगळं ऐकून घेतलं. जी-नाइनच्या पानाखाली पांढरी भुकटी असते, नेलपेंट तिच्यावरच बसलं आणि सोलल्यावर नुसती भुकटी आली. दुसऱ्यांदा ओल्या कापसानं पुसून, वाळवून लावलं तेव्हा ठसा निघाला. पोराच्या शाळेत सरांनी दाखवलं. ओठांसारखी रंध्रं, रांगेत. पालजवळून रानकेळीचं पान आणलं होतं, त्याची लहान वाटली. ताई, जिंकलो का?

पेशीवेडी

दादा, प्रयोग छान, निकाल रद्द. सातपुड्यातली ती रानकेळ बहुधा वेगळ्याच कुळीची असते, एन्सेट. दूरच्या चुलत्याशी तुलना केली तुम्ही. खरी तुलना त्याच कुळीतल्या बीवाल्या द्विगुणित केळीशी हवी. आणि दोन्ही पानं सारख्या वयाची, सारख्या उन्हातली.

केळीवाला रावेरचा

म्हणजे आणखी एक बाटली.

तापीकाठचा

पुतणीला सगळा धागा वाचायला दिला. तिनं काही न बोलता रुईतून एकच धागा सुटा केला, थुंकी लावून पट्टीवर ताणला आणि म्हणाली, "काका, एकतीस आहे. तुम्ही एकोणतीस सांगितलं." सुटा धागा लांब निघू शकतो, स्टेपल हा पूर्ण पुंजक्याचा अंदाज असतो, वगैरे मी सांगत होतो. तिनं दुसरा काढला. तो बावीस निघाला. मग तिसरा. आता वहीत आकडे लिहितेय, पन्नास झाल्याशिवाय उठणार नाही म्हणतेय.

गाडी आली दारात. बाकीचं रात्री लिहितो.